मनगटाएवढं लाकूड

सिन्नरजवळच्या एका कारखान्यात शेतातल्या काडीकचऱ्याचा पांढरा कोळसा करतात, बॉयलरमध्ये जाळायला. तिथे येणारा माल तपासायचं काम माझं. मक्याची धाटं, तुराट्या, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या घ्यायच्या. झाड तोडून आणलेलं लाकूड परत पाठवायचं. चांदवडकडचा एक ठेकेदार तुराट्यांखाली बाभळीचे ओंडके दडपून आणायचा आणि वर मलाच विचारायचा, "म्याडम, तुराटी बघितली का कधी?" त्याच्या त्या हसण्याची मला मनस्वी चीड होती.

शेवटी मी नियमच केला. मनगटापेक्षा जाड लाकूड दिसलं की अख्खी ट्रॉली परत. तसा बोर्ड फाटकावर लावला, त्याच्या दोन ट्रॉल्या परत पाठवल्या आणि घरी येऊन चांगली मिरवले. त्यानंतर त्याचा माल बिनबोभाट येऊ लागला. सगळा बारीक, सरळ आणि जरा ओलसर. तुराटी तर वाळलेली असते, मग हे ओलं कसं, एवढं साधं मला विचारावंसं वाटलं नाही. मी जिंकले होते ना!

उन्हाळ्यात पाहणीसाठी त्याच्या गावी गेले. तोही बरोबर होता. बांधावरच्या जुन्या बाभळी जागच्या जागी बघून बरं वाटलं. मग त्यांच्यामध्ये जमिनीलगत कापलेले बारीक बुंधे दिसले. पार ओढ्यापर्यंत. चार-पाच वर्षांची कोवळी झाडं, त्यातलं एकही सोडलं नव्हतं.

मी त्याला तिथेच फैलावर घेतलं. तो थंडपणे म्हणाला, "तुमच्याच मापानं तोडलंय, म्याडम. एक बी जाड नाय." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

जवळच एक म्हातारी दोन शेळ्या चारत होती. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून जुन्या बाभळीच्या पाल्याकडे माना ताणत होत्या. तोंड काही पोचत नव्हतं.

"उद्यापासून याचा माल बंद, मावशी," मी तिला म्हणाले.

"आता बंद करून काय? बारक्या झाडांचा खालचा पाला व्हता तवर सहा शेळ्या जगल्या. चार इकल्या. या बी जातील."

"पाऊस पडला की नवी झाडं लावून देते मी."

तिने मला खालून वर न्याहाळलं.

"लावा की. आन् कापायजोगी झाली, म्हंजी या न्यायला."