काही फरक नाही

पित्ताची माझी नेहमीची गोळी यायची बंद झाली, तेव्हा गंगापूर रोडवरच्या आमच्या औषधवाल्याने एक सोनेरी पाकीट पुढे केलं. "काका, घटक तोच, कंपनी वेगळी. काही फरक नाही." जुनं पाकीट साधं पांढरं होतं. आतला माल तोच असेल, तर वर एवढा जरीकाठ कशाला, अशी शंका मला तिथेच आली.

नव्या गोळीवर आठवडाभर छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी. आडवा झालो की लगेच उठून बसायचो. शेवटी पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. "पांडुरंगाला एक पुरली, तुम्हाला दोन लागतात," बायको म्हणाली. तिचा संशय माझ्या रविवारच्या मिसळीवर होता. पण मिसळ मी आधीही खात होतो. बदलली होती ती गोळी.

पुन्हा दुकानात गेलो.

"काय काका, कसं काय?"

"तुम्ही म्हणालात तसंच. काही फरक नाही."

"बघा! म्हटलं नव्हतं?" शाल-नारळ मिळाल्यासारखा त्याचा चेहरा खुलला. "अजून दोन पाकिटं देऊ?"

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वेगळ्याच घटकाची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "काही फरक पडतो का, ते सांगा."

"कोणता फरक?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रात्री आडवं झोपता आलं, तर तो."

आता झोपता येतं. विटा मात्र मी अजून काढलेल्या नाहीत.