वाच बघू शेवटची ओळ!

विरारला मनवेलपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मीच तपासते, जवळपासच्या शाळाही तपासणीला बोलावतात. फ्रेमी विकून संपतात हो, पण पोरांचे किस्से स्टॉकमध्ये साठतच जातात!

*

एका शाळेत तिसरीतल्या वेदने अख्खा चार्ट घडाघडा वाचला. रांगेत उभं राहून पाठ केला असणार! मी गुपचूप दुसरा चार्ट लावला. पठ्ठ्याने पुन्हा तीच अक्षरं म्हटली.

"वेद, मी चार्ट बदललाय."

तो माझ्यावरच चिडला. "मॅडम, हा सिलॅबसमध्ये नव्हता!"

*

आगाशीच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोरगा टीव्हीला नाक लावून बसायचा. मी म्हटलं, चष्मा लागणार. आजी भडकल्या.

"आमच्या घरान्यात कोनालाच चष्मा नाय! सांगा ना डाक्टर!"

हे सगळं आजी कोपऱ्यातल्या जाहिरातीच्या, पुठ्ठ्याच्या मॉडेल-बाईला सुनावत होत्या. नातवाने पदर ओढला. "आजी, डॉक्टर इकडे आहेत."

"मंग ही बाई कवाची गप का उभी?"

*

सातिवलीच्या एका कंपनीत काम करणारे एक गृहस्थ. मुलाला एवढ्या लहानपणी चष्मा, म्हणून बिचारे फार हळवे झाले होते. चष्मा घालून मुलगा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला.

"कसं वाटतंय, बाळा?"

"पप्पा, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

*

आणि ही मृणाल. तिच्या वर्गाच्या बाई तिला आणि तिच्या मैत्रिणीला, अलिशाला, दुकानात घेऊन आल्या.

"ही रोज अलिशाचं बघून लिहिते. वेगळी बसवली तर वही कोरी! शिक्षा करून दमले मी."

तपासलं, तर मृणालला लांबचं जवळजवळ दिसतच नव्हतं. "बाई, ही कॉपी करत नव्हती. हिला फळाच दिसत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मृणालला जवळ घेतलं. "अगं, मला सांगायचं नाही का?"

"मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं."

आलीच आहे तर अलिशालाही बघू, म्हणून तिला बसवलं. तिला दुसरी ओळसुद्धा वाचता येईना!

"अगं, मग तू फळ्यावरचं कसं लिहायचीस?"

"मी मनाने लिहायचे."

"आणि बाई काय म्हणायच्या?"

"बाई रोज वहीत 'छान' द्यायच्या."

बाई पुढे आल्या, अलिशाला उठवलं आणि स्वतःची हनुवटी डोळे तपासायच्या मशीनवर टेकवली.