दक्षिणेकडे वाकलेलं झाड

आमच्या साखर कारखान्याची बाग वडील सांभाळत. तिथे त्यांनी एक सूचिपर्णी झाड वाढवलं. सगळे त्याला ख्रिसमस ट्री म्हणत. बीडच्या उन्हात असलं झाड जगवणं म्हणजे निव्वळ हट्ट, आणि हट्टापुढे वडील कुणाचं ऐकणारे नव्हते. झाड चांगलं तीन मजले उंच झालं आणि दक्षिणेकडे वाकायला लागलं. दक्षिणेला आमचं क्वार्टर होतं.

आईने धसकाच घेतला. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून ती आम्हाला झोपूही देत नसे. हे झाड घरातलं कुणीतरी नेणार, तोडून टाका, म्हणून ती वडिलांचं डोकं खाई. ते हसण्यावारी नेत. तरी त्यांनी झाड तारेने मागे ओढून बांधलं, मुळं उत्तरेला वळावीत म्हणून त्या बाजूला मडकं पुरून पाणी भरलं. शेंडा मात्र आमच्याच घराकडे येत राहिला. मला त्याची भीती वाटायची.

मग दुष्काळ पडला. उसाअभावी कारखाना बंद, भोंगा बंद. बागेतलं सगळं जळून गेलं. ते झाड तेवढं हिरवंगार. त्याच उन्हाळ्यात वडील आजारी पडले आणि खिडकीजवळच्या खाटेवरच वारले.

आई आता कुऱ्हाडच मागवणार, असं मी धरून चालले होते. महिन्याभराने तिला अंबाजोगाईला माझ्या घरी न्यायला गेले. कॉलनी ओस पडली होती. क्वार्टर सोडा म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. भर दुपारी आई टँकरच्या पाण्याची घागर त्या मडक्यात ओतत होती. झाडाची तार सोडलेली होती. शेंडा थेट आमच्या पत्र्यावर आला होता.

मी चिडलेच. प्यायला पाणी नाही, आणि ज्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या त्याचे हे लाड कशाला, असं विचारलं. तार कुणी सोडली, तेही विचारलं.

"मीच सोडली," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांच्याकडंच वाकत आलं ना ते? अजून वाकतंय. म्हंजे हे आत हायत. त्यांना टाकून मी कशी येऊ?"

आम्ही आत गेलो. खाटेवर धुतलेली चादर अंथरलेली होती. मी सवयीने तिथे बसायला गेले, थबकले, आणि खाली फरशीवर बसले.