वारा खायला गेलेले मामा

आमच्या हिच्या मामांनी मुंबईत अख्खा संसार केला, पण तो घराबाहेर. परळच्या चाळीत त्यांची एक खोली होती. छत्री ठेवण्यापलीकडे तिचा त्यांना काही उपयोग होता असं मला वाटत नाही. दाढी गॅलरीत, जेवण जिन्याच्या पायरीवर, मुलांचा अभ्यास आवारातल्या पिंपळाखाली. पाहुणा आला की त्याला 'बसा' म्हणायच्या आधीच पाय मोकळे करायला म्हणून शिवडीच्या खाडीपर्यंत नेत. चहासुद्धा बिचाऱ्याला तिकडेच मिळे. मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण हा माणूस नेमका काय होता हे मला अजून उमगलेलं नाही.

कारण हेच मामा गिरणीत बंद खिडक्यांआड राबत. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, वारा येऊ देत नाहीत. तिथं त्यांचा कधी खाडा नाही, डबल पाळी मिळाली तर तीही सोडायची नाही. 'पोटाक आत, जीवाक भायर,' असा त्यांचा सरळ हिशेब होता. आईवेगळ्या भाचीला त्यांनीच वाढवलं, त्यामुळे मुलगी दाखवण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. आम्ही ठाकूरद्वारची माणसं. वडील कोट-टोपी चढवून पोचले, तर मामा चाळीच्या फाटकातच उभे. 'खोलीत काळोख आसा, मुलगी उजेडात बघा,' म्हणून त्यांनी आमची वरात राणीच्या बागेत नेली आणि हत्तीसमोरच्या बाकावर पोहे दिले. वडिलांनी मुलीला नाव विचारलं आणि त्याच क्षणी हत्ती ओरडला. पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटला. घरी आल्यावर मुलगी पसंत असल्याचं त्यांनी जाहीर केलं, पण आईने नाव विचारताच ते टोपी खुंटीला अडकवायला गेले.

रविवार तर मामांचा सणच. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, सतरंजी आणि मुलंबाळं घेऊन दादरची चौपाटी गाठायची. मामी मुलांना घेऊन ट्रामने पुढे जाई. मामा मात्र खाण्याची टोपली डोक्यावर घेऊन चालत निघत. ट्रामलाही छप्पर असतं ना.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत अशाच एका रविवारी त्यांना हिंदमातापाशी मोर्चा भेटला. मोर्चाही दादरकडेच निघालेला. वाट एकच, मग वेगळं कशाला चालायचं, असं म्हणून मामा त्यात शिरले. पुढे पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घातलं, त्यात टोपलीसकट मामाही गेले. मामी मुलांना घेऊन दिवेलागणीपर्यंत वाळूत बसून होती. चार-पाच दिवसांनी ते सुटून आले तेव्हा चाळीने त्यांच्या गळ्यात हार घातले, घोषणा दिल्या. मामा गोंधळून एकेकाला सांगत होते, 'अरे, मी वारो खाऊक गेल्लंय!' लोकांना तो त्यांचा विनय वाटला. काय खरं मानावं हे मलाही कळेना.

खरा घोर पुढेच होता. गिरणीने त्यांना कामावर घेतलं नाही. मामीने चुलीपुढे बसून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी खटपटीला लागलो. गिरणीतला एक अधिकारी ओळखीचा निघाला. माणूस भला. तो म्हणाला, 'त्यांनी फक्त तोंडाने सांगावं की मी त्या मोर्चेवाल्यांतला नव्हतो. उद्यापासून साच्यावर उभे राहतील.' मला हायसं वाटलं. जे मामा फुकटात सगळ्या परळला सांगत होते, तेच इथे सांगायचं होतं.

मामा साहेबांपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, 'मी त्यांच्यातलाच, साहेब.'

कायमची नोकरी गेली, ते बदलीत आले. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर घरी. त्या दिवशी साहेबांकडून बाहेर आल्यावर मी चांगलाच तापलो. 'मामा, अहो, तुम्ही वारा खायला गेला होता ना?'

'गेलो होतो की,' ते शांतपणे म्हणाले. 'पण जावयबापू, त्या कोठडीत तुझ्या मामीच्या भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. एका टोपलीत हात घातल्यावर, मी तुमच्यातला नव्हे, असं कुठल्या तोंडाने सांगू?'

माझा राग मात्र बरेच दिवस टिकला.

पुढे राज्य झालं आणि परळ-लालबागातून मिरवणूक निघाली. चाळीत म्हातारी माणसंसुद्धा उरली नाहीत, सगळी मुंबई उघड्यावर आली होती. कायमच्या कामगारांनी खाडे केले, त्यामुळे बदलीवाल्यांना काम मिळालं. मामा साचेखात्यात होते. पाळी सुटायच्या वेळी मी फाटकाशी गेलो. मिरवणूक केव्हाच दादरकडे निघून गेली होती, रस्त्यावर नुसता गुलाल पडला होता.

मामा बाहेर आले, दोन्हीकडे रस्ता निरखत उभे राहिले आणि जरा लाजत त्यांनी मला विचारलं, 'आमच्या कोठडीतलं कोणी होतं का रे त्यात?'

त्यांतल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

'सगळे होते,' मी म्हणालो. 'तुम्हांला शोधत होते.'