तळेगावची हवा

तळेगावला निघालो तेव्हा सुनंदाने, म्हणजे आमच्या सौ.ने, मला निरोप दिला नाही, मुदत दिली. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेतल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. मी तिला वर्कशॉप म्हणतो, ती अडगळ म्हणते. तिथे मी स्वतः केलेला सागाचा झोपाळा दोन उन्हाळे बिनरंगाचा पडून आहे, कारण ब्रशने रंगवणं मला कमीपणाचं वाटतं. स्प्रेगनला कॉम्प्रेसर लागतो, आणि नवा घेण्याइतका माझ्या हौसेवर घरात कोणाचा विश्वास नाही. म्हणून जुना.

"ही शेवटची मशीन," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत झोपाळा रंगला नाई, त शेडमंदी माही स्कूटी ठेवीन."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हवेचा दाब हा माझा आवडता धडा. त्यामुळे मला कोणी फसवेल ही शंका मनाला शिवलीही नाही.

भाड्याचा छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) घेऊन निघालो. आंजी गेलं, खरांगणा गेलं. हा रस्ता आता छान झालाय असं सगळे सांगतात, पण ते सगळे कारने जातात. आर्वीला उतरलो तेव्हा कंबर आहे की नाही ते आधी चाचपून पाहिलं. तिथे तर्री पोहे (चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाता खाता मी टेम्पोवाल्याला जुना कॉम्प्रेसर कसा पारखायचा ते समजावलं. टाकी पूर्ण भरायची, मोटर बंद करायची आणि दाबाचा काटा खाली येतो का ते बघायचं. मग टाकीखालचा कॉक उघडून गंजाचं पाणी निघतं का तेही बघायचं. तो मान डोलावत होता. बहुधा तर्रीला.

आर्वीच्या पुढे हळूहळू संत्र्याच्या बागा दिसू लागल्या आणि माझा मूड सुधारला. तळेगावात वासुदेवरावांचं गाड्या धुण्याचं दुकान होतं, ते बंद करून त्यांनी कॉम्प्रेसर विकायला काढला होता. तो ओसरीवर उभा होता, निळा, चकचकीत, नवरदेवासारखा. हात लावला तर बोटाला निळा रंग लागला. मी चालू करून दाखवायला सांगितलं.

"दाखवतो ना. पहिले बसा. गाव कोणतं तुमचं?"

माझ्या गावातून काही नातं निघेना, तेव्हा त्यांनी माझी सासुरवाडी विचारली. मी आष्टी म्हणालो. आष्टीत कोणाकडची, ते विचारलं. चहाचा कप संपायच्या आत सुनंदाच्या मावशीची नणंद त्यांच्या चुलतभावाकडे दिलेली निघाली.

"मंग इतका वेळ काऊन नाई सांगितलं?" वासुदेवराव उठून उभे राहिले. "तुमी त आमचे जवाई."

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. त्यांच्या पत्नीने मला कुंकू लावलं, वासुदेवरावांनी खांद्यावर दुपट्टा टाकला, मांडीवर नारळ आला, समोर पाटवडीचं ताट आलं. वर सांबार (कोथिंबीर) भरपूर. पाटवडी उत्तम होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. दुसऱ्या वाढीनंतर मी मशीनचा विषय पुन्हा काढला.

"लाइन (वीज) नाई ना, जवाईबापू. सकाळपासून गेली."

शेजारी पिठाची चक्की घरघरत होती. मला ऐकू येत होती, त्यांना येत होती, टेम्पोवाल्याने तर मान वळवून तिकडे पाहिलंसुद्धा. पण कपाळावर कुंकू आणि तोंडात पाटवडी असताना कोणता जावई म्हणेल की तुमची लाइन आहे? टाकीखाली वाकून कॉक उघडणं तर लांबच. मी पैसे दिले, वर त्यांच्या पाया पडलो.

परतताना टेम्पोवाल्याने विचारलं, "सर, तो कॉक पाहाचा राह्यला ना?"

नात्यात असं करत नाहीत, असं मी त्याला सांगितलं. त्याने वर्ध्यापर्यंत रेडिओ लावून ठेवला.

घरी मशीन चालू केली. काटा अर्ध्यावर चढला आणि तिथेच बसला. टाकीच्या पोटावर निळ्या रंगाचा एक फुगा आला, लिंबाएवढा झाला आणि फुटला. त्यामागे भोक होतं. कॉक उघडला तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. मी रागारागाने वासुदेवरावांना फोन केला. ते अगदी शांत होते. "पाहूनच नेली ना, जवाईबापू? आता दिवाळीले या, जोडीनं."

दिवाळीत आम्ही गेलो नाही. सुनंदाची स्कूटी शेडमध्ये आली, झोपाळा भिंतीला टेकला, माझी हत्यारं पलंगाखाली गेली. मला फार वाईट वाटलं आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. प्रवासातून माणूस काहीतरी शिकून येतो म्हणतात. मी भोकावर निळा रंग मारला, ब्रशनेच, आणि मोबाइलवर जाहिरात टाकली.

सेलूहून एक फर्निचरवाले आले. मी त्यांना खुर्ची दिली, सुनंदाला चहाचं सांगितलं, आणि त्यांचं गाव विचारलं. मग सासुरवाडी विचारली. त्यांनी उत्तर न देता मशीन चालू करायला सांगितलं.

"लाइन नाई ना," मी म्हणालो. "सकाळपासून गेली."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने कान दिला.

"मंग वहिनीचा मिक्सर काय हवेवर चालून राह्यला, सर?"

सुनंदाने मिक्सर काही थांबवला नाही.