हनुवटीखालची जागा

गल्लीच्या तोंडाशी दाढी-कटिंगचं दुकान चालवणाऱ्या वस्तादाला सख्खा म्हणावा असा एकच मित्र होता, पाट्या रंगवणारा पेंटर. वीस वर्षं सकाळची पहिली दाढी पेंटरची. तो आजारी पडला, डॉक्टरांनी चार महिने सांगितले, तेव्हा वस्ताद पेटी उचलून त्याच्या घरी जाऊ लागला. रडूही यायचं, पण खोटं कशाला बोला, पेंटर आता आपल्या एकट्याचा आहे, याचं त्याला बरंही वाटायचं.

आणि पेंटरने लग्न ठरवलं! औषधांच्या दुकानातल्या बाईशी. वस्तादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तिला माहितीये ना सगळं?"

"माझ्या औषधांच्या चिठ्ठ्या तीच वाचायची," पेंटर हसला. "तुझ्याआधी तिला कळलं."

लग्नापेक्षा हे 'तुझ्याआधी' जास्त लागलं. साक्षीदार म्हणून सही करताना वस्तादाने पेन असं दाबलं की कागद फाटायचाच बाकी होता.

लग्नानंतर चौथ्या दिवशी बाई म्हणाली, "भाऊजी, दाढी करायला मला शिकवा ना. तुम्हाला रोज दुकान सोडून यावं लागतं."

म्हणजे गोड बोलून आमचा पत्ता कट! पण नाही तरी कसं म्हणणार? त्याने गरम पाणी, फेस, कातडी ताणणं, वस्तरा तिरका धरणं, सगळं शिकवलं. फक्त एक सांगितलं नाही. पेंटरच्या हनुवटीखाली डावीकडे बोटभर जागेत केस उलटे वाढत. तिथे वस्तरा खालून वर न्यावा लागे. ते वस्तादाने पोटात ठेवलं. बघू, किती दिवस जमतं बाईसाहेबांना!

एक दिवसही जमलं नाही. दुसऱ्या सकाळी तो गेला तर पेंटरच्या गळ्याला पट्टी, बाईचे डोळे सुजलेले. आजाराने कातडी पापडासारखी झालेली. रक्त तासभर थांबलं नव्हतं.

"मीच मान हलवली," पेंटर तिला समजावत होता.

ती पाणी आणायला आत गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "वस्ताद, वीस वर्षांत तुझ्या हातून मला कधी कापलं नव्हतं. आज कापलं."

वस्तादाला तोंड लपवायला जागा उरली नाही. बाई बाहेर आली तसं त्याने तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. "वहिनी, इथे खालून वर. मी सांगितलं नव्हतं. मुद्दाम."

पुढचे दोन महिने ती दाढी करायची आणि वस्ताद वाटी धरून बसायचा. हात हलका होता तिचा, त्याच्याहून हलका. तो रोज जळायचा आणि रोज जायचा.

पेंटर गेला त्या सकाळीही तिनेच फेस लावला. हनुवटीखाली वस्तरा न अडखळता खालून वर गेला. मग ती थांबली आणि वस्तरा त्याच्यापुढे धरला.

"भाऊजी, मिशी तुम्ही करा. मला नाही जमत."

दोन महिने तीच मिशी कोरत होती, केसभरही इकडेतिकडे न होता. वस्तादाने रोज पाहिलं होतं. त्याने वस्तरा घेतला.