उंबरवेढ्याचा कोंडवाडा आणि गौराबाई

गौराबाईला आमच्या गावात कुणी भली बाई म्हणत नसे. तोंडाची फटकळ, मानपान न कळणारी, दिरांशी उभा दावा मांडलेली, अशी तिची ख्याती. ही ख्याती पसरवली ती गावातल्या मोठ्या माणसांनी, आणि त्यांचं मोठेपण म्हणजे काय, तर अंगात कोट आणि देवळाच्या ओट्यावर पुढची जागा.

तिचं माहेर खालापूरकडचं, पाताळगंगेच्या काठचं. लग्न होऊन ती पोशीर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या उंबरवेढ्यात आली. मानमोडीच्या तापाच्या साथीत घरोघर माणसं गेली, त्यात तिचा नवरा गेला. पदरी पोर नव्हतं. तेराव्याच्या पानांवरची माशी उठली नव्हती तोच थोरल्या दिरानं तिला माहेरी पोचवायला दारात गाडी जुंपली. तिच्या वाटणीचं भाताचं शेत नदीलगतचं, पाणी धरणारं. त्याच्यावर त्याचा डोळा होता. गौराबाईनं गाडीत टाकलेलं आपलं बोचकं उतरवून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, गाडी जुंपलीच हाय तर तेवढं शेणखत टाकून द्या माज्या शेतावर."

बाईनं नांगर धरायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज. दिरानं बैल दिले नाहीत, भाऊबंदांनीही दिले नाहीत. ती सरळ डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडीत गेली. तिथल्या वाघ्याकडे बैलांची जोडी होती. त्यानं तिचं शेत नांगरायचं, चिखलणी करून द्यायची. तिनं त्याला भात द्यायचं आणि त्याच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नाचणीच्या निंदणीला जायचं, असं ठरलं. दोघांनीही ते वर्षानुवर्षं पाळलं. गावानं अर्थातच नावं ठेवली. गौराबाई म्हणायची, "नावं ठेवनाऱ्यांनी माज्या दारात बैल ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

पुढे सरकारनं गावोगाव पंचायती काढायचा कायदा केला आणि आमच्याकडेही पंचायत आली. मतं द्यायची ती पुरुषांनी, मारुतीच्या देवळासमोर हात वर करून. लडकूशेठ गवतवाला दारातच उभा राहून कोणाचा हात वर होतो आणि कोणाचा नाही ते बघत होता. तेव्हा तो एकमतानं सरपंच झाला यात नवल नव्हतं. बाकीचे चार पंच म्हणजे त्याचा एक मेहुणा, एक शेजारी, गौराबाईचा थोरला दीर आणि एक म्हातारा, जो सभा सुरू झाली की झोपायचा. चौघांत त्या म्हाताऱ्यानंच गावाचं सर्वांत कमी नुकसान केलं.

लडकूशेठचा धंदा दुहेरी होता. आसपासचं वाळकं गवत गठ्ठे बांधून रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांना धाडायचं, हा एक. दुसरा म्हणजे त्याच तबेल्यांतल्या आटलेल्या भाकड म्हशी सांभाळायला आणायच्या. नेरळ स्टेशनावर त्या मालगाडीच्या वाघिणीतून उतरायच्या, काळ्याकभिन्न, पोटं खपाटीला गेलेल्या, आणि रांगेनं आमच्या गावात शिरायच्या. त्यांच्या चाऱ्याचा मोबदला शेठ घ्यायचा आणि चारा द्यायचा गाव. म्हशी सकाळी सुटल्या की ज्याच्या बांधावर कोवळं दिसेल तिथं जायच्या. शेठच्या स्वतःच्या कुरणाला मात्र काटेरी कुंपण होतं.

चैत्र-वैशाखात आमच्या बायका नदीच्या वाळूत डवरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. पंचायत आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता विहीर होईल. पहिल्याच सभेत लडकूशेठनं उभं राहून भाषण केलं. गाव सुधारायचं तर आधी शिस्त पाहिजे, मोकाट ढोरांनी पिकाची नासाडी होते, म्हणून सर्वांत आधी कोंडवाडा बांधला पाहिजे. मोकाट ढोरांच्या धन्याकडून पीक वाचवायचा हा उपदेश ऐकून खरं तर गावानं हसायला हवं होतं. गावानं टाळ्या वाजवल्या.

बांधकाम शेठच्या मेहुण्यानं केलं. दगडी भिंती, दाराला आडवी लाकडी दांडी, वर कौलाची पडवी. राखणदार म्हणून शेठचा भाचा मोरू नेमला. त्याला पंचायतीनं खाकी टोपी दिली, आणि ती टोपी घातल्यापासून मोरू गावातल्या माणसांना ओळखेनासा झाला. कोणाची शेळी, कोणाचं वासरू, कोणाची गाय तो हाकून न्यायचा. दंड भरेपर्यंत ढोर आत. आत पाण्याची डोणी बांधायला मेहुणा विसरला होता. मग त्याच बायका डोक्यावर हंडे घेऊन आपापल्या ढोरांना पाणी पाजायला जायच्या.

शेठच्या म्हशी एकदाही कोंडल्या गेल्या नाहीत. कोणी विचारलं तर मोरू म्हणायचा, "सगल्या काल्याच हायत. कोन कोनाची, कशी वलकायची?"

त्या वर्षी आषाढात लावणी तोंडावर आली होती. वाघ्या बैल घेऊन गौराबाईच्या शेतावर यायला निघाला. वाट शेठच्या कुरणाच्या कडेनं. वाटेत तो बिडी पेटवायला झाडाखाली थांबला तेवढ्यात मोरूनं बैल कुंपणाकडे वळवले आणि तसेच कोंडवाड्यात नेले. वाघ्या मागे धावला. मोरूनं दांडी लावली आणि म्हणाला, "शेठचं गवत खाल्लं तुज्या बैलांनी."

"तोंडाला मुसकी हाय त्यांच्या," वाघ्या म्हणाला. "खातील कुठनं?"

मोरूनं बैलांकडे पाहिलं. मुसक्या होत्याच. "मग खायला बघत व्हते," तो म्हणाला.

दंड भरणं वाघ्याला शक्य नव्हतं. शेठनं मोठ्या मनानं दुसरी वाट काढली. दिवाळीनंतर वाघ्यानं आणि त्याच्या बायकोनं शेठचं सगळं गवत कापून द्यावं, मग बैल सोडू. वाघ्या पावसात कोंडवाड्याच्या भिंतीशी उकिडवा बसून राहिला. आत बैल हंबरत होते. गौराबाई शेतावर वाट बघून तिथं आली, तिनं त्याला तसा बसलेला पाहिला आणि ती तडक देवळाकडे चालू लागली. पंचायतीची सभा तिथंच भरली होती.

बाईनं ओट्यावर चढायचं नसतं, म्हणून ती खाली चिखलात उभी राहिली.

"सरपंच, वाघ्याचं बैल सोडा. माजी चिखलणी खोळंबलीय."

तिचा दीर मान खाली घालून पान लावू लागला. शेठ म्हणाला, "गौराबाई, ही सभा हाय. बाईमाणसाचं बोलनं सभेत धरता येत नाय."

"धरू नका. ऐका नुसतं. कोंडवाड्याचा नियम कोनाच्या ढोरांसाठी हाय, येवढं सांगा. मी जाते."

एवढी सभा जमलेली, बोलायला असा विषय मिळालेला. शेठला मोह आवरला नाही. त्यानं कोटाचं बटण लावलं आणि आवाज चढवला. "नियम समद्यांना सारखा! परक्याच्या पिकात जे ढोर दिसंल ते कोंडायचं. कोनीबी कोंडावं, राखणदारानंच कोंडावं असं नाय. देवाचा नंदी आला तरी सोडायचा नाय!"

टाळ्या पडल्या. झोपलेला म्हातारा दचकून जागा झाला आणि त्यानंही वाजवल्या.

"बरं झालं सांगितलंत," गौराबाई म्हणाली आणि वळून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाऊस उघडला होता. गौराबाईच्या शेताच्या कोपऱ्यात भाताची रोपं, म्हणजे आवण, हिरवंगार उभं होतं. त्यात शेठच्या म्हशी शिरलेल्या तिनं पाहिल्या. एरवी ती शिव्या देत धावली असती. त्या दिवशी ती नदीवर धुणं धूत असलेल्या बायकांकडे गेली. त्यांत सोनुबाई होती, जिची शेळी कोंडवाड्यात तहानेनं मेली होती. बाकीच्यांच्याही मनात काही ना काही होतंच. बायकांनी धुणं तसंच दगडावर टाकलं, पदर खोचले, हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या घेतल्या, आणि तो सगळा काळा कळप गावाच्या मधल्या वाटेनं हाकत नेला. माणसं ओसरीवर येऊन बघत राहिली. थांबवायला कोणी उतरलं नाही आणि हात लावायलाही कोणी उतरलं नाही. आमच्या गावाची ही जुनी रीत आहे.

मोरू पडवीत टोपी तोंडावर घेऊन पडला होता. गौराबाईनं आधी बैल बाहेर काढून भिंतीशी बसून राहिलेल्या वाघ्याच्या हाती दिले. मग म्हशी आत घातल्या. जागा पुरेना, तशा एकीवर एक रेटून घातल्या आणि दांडी लावून ती दारात बसली.

मोरू रडकुंडीला आला. "गौराकाकू, ह्या मामाच्या म्हशी हायत गं!"

"असं? वलकल्यास होय रं आज?"

लडकूशेठ धावत आला. कोट घालायला त्याला वेळ मिळाला नव्हता, आणि कोटाशिवाय तो अगदीच लहान दिसत होता. "दांडी काढ," तो म्हणाला.

"आवणात धरल्यात. माज्या. तुमीच काल सांगितलंत, कोनीबी कोंडावं."

"ते गावच्या ढोरांना!"

"देवाच्या नंदीला पन."

बायका हसल्या. शेठनं पंच बोलावले. कोंडवाड्यासमोर उभ्या उभ्याच पंचायत भरली. मेहुण्यानं मुद्दा काढला की म्हशी मुळात मुंबईच्या, म्हणून गावचा नियम त्यांना लागू नाही. शेजारी म्हणाला, त्यांना पाहुण्या समजावं. दिरानं सुचवलं की कोंडवाडा दुरुस्तीसाठी बंद आहे असं कालच्या तारखेनं ठरवून टाकावं. म्हाताऱ्यानं विचारलं, नंदी कुठं आहे?

ही चर्चा रंगात आली असताना आत म्हशींना गर्दी सोसवेना. चिखलानं भरलेल्या अंगाला खाज सुटलेली. एका धिप्पाड म्हशीनं मागच्या भिंतीला अंग लावलं आणि घासायला सुरुवात केली. तिचं बघून दुसरीनं, मग तिसरीनं. भिंत हलली. बाहेरून दगड दिसत होते, पण मध्ये चुना नव्हताच. मेहुण्यानं माती भरली होती आणि पावसानं तिचं पिठलं झालं होतं. सबंध मागची भिंत सावकाश बाहेरच्या बाजूला झोपली. म्हशी दगडांवरून डुलत बाहेर पडल्या आणि समोर जे पहिलं हिरवं दिसलं त्यात गेल्या. ते शेठचं कुरण होतं. कुंपणाची त्यांनी पर्वा केली नाही.

वाघ्यानं हे सगळं पाहिलं नाही. तो केव्हाच बैल घेऊन शेतावर गेला होता आणि चिखलणीला लागला होता. उरलेल्या आवणावर त्या वर्षी गौराबाईची लावणी झाली. अर्धं शेत रिकामं राहिलं, पण अर्धं लागलं.

शेठनं कर्जतला तक्रार केली की या बाईनं पंचायतीची इमारत पाडली. पुढे मामलेदार घोड्यावरून आले. त्यांनी पडलेल्या भिंतीत छडी खुपसली. छडी मुठीपर्यंत आत गेली.

"बांधकाम कोणाचं?" त्यांनी विचारलं.

सगळे पंच एकदम डोंगराकडे बघू लागले.

"आणि या बाईनं केलं काय?"

"म्हशी कोंडल्या, साहेब," शेठ म्हणाला.

"कोंडवाड्यात?"

"व्हय साहेब."

मामलेदारांनी पाणी मागितलं. ते नदीवरून यायला फार वेळ लागला. पाणी पिऊन ते निघून गेले आणि तक्रारीचं पुढे काही झालं नाही.

यानंतर शेठची सरपंचकी गेली असेल, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं आमचं गाव पाहिलेलं नाही. पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा दारात उभा राहिला, पुन्हा हात वर झाले. कोंडवाडा परत बांधायचा ठराव झाला. दगड मात्र हळूहळू कमी होत गेले आणि पंचांच्या घरांपुढचे ओटे रुंद होत गेले. एवढं मात्र झालं की मोरूला पुन्हा कोणाचं ढोर हाकायला धीर झाला नाही. बायकांच्या हातात फांदी दिसली की तो पडवीत शिरायचा. म्हशीही शेठनं दोन गुराखी ठेवून सांभाळल्या.

गौराबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली. दिरानं बोलणं टाकलं, त्याचं तिला सुखच झालं. पंचायतीकडे न नेता येणारी गाऱ्हाणी बायका तिच्या ओसरीवर आणू लागल्या. सासूनं उपाशी ठेवलं, बांध सरकवला, नवरा मारतो. ती पदर खोचून त्या त्या दारात जाऊन उभी राहायची, एवढंच करायची. पुष्कळदा तेवढं पुरायचं. कधी पुरायचंही नाही, तेव्हा ती परत येऊन चुलीपुढे बसून राहायची.

एका पौषात, भात झोडून झाल्यावर, थंडीतापानं ती गेली. ठाकरवाडी सगळी खाली उतरली. वाघ्यानं खांदा दिला. दीर मागून चालला. पंचायतीनं देवळात सभा घेऊन दुखवट्याचा ठराव केला. 'गावच्या उन्नतीत सरपंचांना सदैव साहाय्य करणाऱ्या कै. गंगाबाई यांच्या आत्म्यास शांती लाभो,' असं लडकूशेठनं उभं राहून वाचलं. नाव चुकलंय, असं ओट्याखालून सोनुबाई ओरडली. बाईमाणसाचं बोलणं सभेत धरता येत नसल्यामुळे ठराव तसाच मंजूर झाला.